एमएस असताना डिप्रेशनची चाचणी: घरच्या कागदापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचं, निदान झालं त्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या उजव्या हाताला कंप होता. चिमटीतून रांगोळीची रेघ सरळ पडत नव्हती. तरी चाळणी आणि छाप घेऊन मी उंबऱ्याशी बसले, ठिपके वाकडे पडले, पण रांगोळी झाली. तिसऱ्या दिवाळीला हात बराच सुधारला होता आणि रांगोळीचा डबा माळ्यावरून खालीच आला नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, "थकवा आहे हो." न्यूरोलॉजिस्टनाही तेच सांगितलं. त्यांनी थकव्यावरची गोळी वाढवून दिली. पुढे सात महिने मी, घरचे आणि डॉक्टर, आम्ही सगळेच थकव्याच्या मागे लागलो होतो. मला डिप्रेशन झालं होतं.

ते सात महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. निदान नुकतंच झालं असेल, किंवा घरात कोणाला एमएस असेल आणि "हल्ली काहीतरी बिनसलंय" असं वाटत असेल, तर हे वाचा. मी डॉक्टर नाही. चाचणीच्या कागदावरून निदान होत नाही, निदान डॉक्टरच करतात. पण निदानापर्यंत पोहोचायचा रस्ता बहुतेक वेळा आपल्यालाच चालावा लागतो, कारण ओपीडीतल्या दहा मिनिटांत पाय, डोळे, लघवी आणि एमआरआय एवढंच उरकतं. मनाचं विचारायला कोणाला वेळ उरत नाही आणि आपणही सांगत नाही.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक साधी वही आणि पेन. हात चालत नसेल तर मोबाइलमधलं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप.
- पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या लक्षणांच्या प्रश्नावलीची मराठी प्रत. ही विनामूल्य वापरता येते आणि मराठीत उपलब्ध आहे. नजर अंधुक असेल तर मोठ्या अक्षरांत प्रिंट काढा.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोससकट. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीही लिहा.
- गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट आणि शेवटच्या एमआरआयचा रिपोर्ट. फिल्म नको, कागद पुरे.
- एमएसचा शेवटचा अटॅक (म्हणजे लक्षणं एकदम उसळतात तो) कधी आला आणि स्टेरॉइडची सलाईन कधी लागली, त्या तारखा.

१. हे एमएसचंच एक अंग आहे असं धरून चाला

सगळ्यात मोठा अडथळा इथेच आहे. "एवढा आजार झाल्यावर माणूस उदास होणारच" असं म्हणून घरचे विषय संपवतात. कधीकधी डॉक्टरही. वाक्य बोलायला मायेचं आहे, पण त्याने उपचार थांबतो. पाय आखडले तर "एमएसमध्ये पाय आखडणारच" म्हणून कोणी गप्प बसत नाही, स्नायू सैल करणारी बॅक्लोफेनची गोळी देतात.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. मेंदूत जिथे हे डाग पडतात त्यांत भावना सांभाळणारे भागही येतात. शिवाय शरीरात सतत चालू असलेली सूज स्वतःच मूडवर परिणाम करते. त्यावर नोकरीची, लग्नाची, मुलांची आणि पुढच्या अटॅकची काळजी. म्हणजे कारणं तिन्ही बाजूंनी येतात. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. रुग्णांच्या स्मरणशक्तीत आणि भावनांत होणारे बदल त्यांच्याही नजरेतून सुटले नव्हते.

आकडे सांगायचे तर, एमएस असलेल्या साधारण दर तीन-चार माणसांत एकाला डिप्रेशनची लक्षणं असतात. आयुष्यभराचा हिशोब धरला तर काही अभ्यासांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जातं. सर्वसामान्य लोकांपेक्षा हे खूपच जास्त आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: व्हीलचेअर आली म्हणजे डिप्रेशन आणि चालतं-फिरतं माणूस म्हणजे ठणठणीत, असं गणित इथे लागत नाही. निदानानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, वरून काहीच दिसत नसताना, माणूस आतून खचलेलं असू शकतं.

२. 'जमत नाही' आणि 'नको वाटतं' हे वेगळं लिहा

चाचणीच्या कागदाला हात लावण्याआधी सात दिवस एवढंच करा. बाकीचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

एमएसचा थकवा आणि डिप्रेशन दोन्ही माणसाला पलंगावर झोपवतात. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. झोप बिघडते, लक्ष लागत नाही, हालचाल मंदावते, शब्द आठवत नाहीत. यातलं प्रत्येक लक्षण एमएसचं असू शकतं आणि डिप्रेशनचंही. पण आपल्या भाषेत दोन वेगळी वाक्यं आहेत आणि ती फार कामाची आहेत. "मला करायचंय, पण जमत नाही" हे एक. "मला जमेल, पण नको वाटतं" हे दुसरं.

पहिल्या दिवाळीला माझा हात चालत नव्हता आणि मला रांगोळी काढायची होती. तिसऱ्या दिवाळीला हात चालत होता आणि डब्याकडे बघायचीही इच्छा नव्हती.

वहीत रोज रात्री तीन ओळी लिहायच्या. आज काय करायचं होतं पण झालं नाही. आज काय करता आलं असतं पण नको वाटलं. आज कशात थोडं तरी बरं वाटलं. तिसरी ओळ सलग कोरी राहू लागली की सावध व्हा. माझ्या वहीत पाचव्या दिवशी मी लिहिलं होतं, "बहिणीचा फोन आला, वाजू दिला." थकलेलं माणूस बहिणीला म्हणतं, "नंतर करते गं, आत्ता बोलवत नाही." मी फोन उलटा करून ठेवला होता. आणि नंतर तिला केलाही नाही.

दिवसाची वेळही टिपा. एमएसचा थकवा बहुधा दुपारकडे वाढतो, उन्हात वाढतो, गार पाण्याने अंघोळ केली किंवा पंख्याखाली पडलं की थोडा उतरतो. डिप्रेशन पुष्कळदा सकाळी डोळे उघडताच छातीवर बसलेलं असतं आणि त्याला कूलरचा उपयोग होत नाही. हा काही पक्का नियम नाही, दोन्ही एकाच वेळी असणारे पुष्कळ आहेत. पण डॉक्टरांना या नोंदीचा फार उपयोग होतो.

पुरुषांसाठी खास एक ओळ. "उदास वाटतं" असं आपल्याकडचे पुरुष सहसा म्हणत नाहीत. ते चिडतात, मुलांवर ओरडतात, दारू वाढते, नाहीतर बोलणंच बंद होतं. वहीत राग किती वेळा आला तेही लिहा.

३. दिवस आणि वेळ नीट निवडा

चुकीच्या दिवशी केलेली चाचणी दिशाभूल करते. पुढचे दिवस टाळा:

- स्टेरॉइडची सलाईन चालू असतानाचे आणि त्यानंतरचे एक-दोन आठवडे. अटॅकसाठी मिथाइलप्रेडनिसोलोन साधारण रोज १ ग्रॅम असं ३ ते ५ दिवस देतात. त्यात काहींना झोप उडून एकदम उत्साह येतो आणि मग धाडकन खाली आल्यासारखं होतं.
- ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा अटॅक ऐन भरात असतानाचे दिवस.
- मे महिन्यातली दुपार.

सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर, डोकं जरा ताजं असताना बसा आणि पुढच्या प्रत्येक वेळी तीच वेळ ठेवा. अपवाद एकच. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दिवस-वार काही बघू नका, थेट सहाव्या पायरीवर जा.

शेजारी कोण बसलंय यावर उत्तरं बदलतात. पहिल्यांदा मला हे प्रश्न विचारले गेले तेव्हा खोलीत सासूबाई होत्या. माझ्या पिशवीचा बंद धरून त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. फार प्रेमळ बाई आहेत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला "नाही, ठीक आहे" म्हटलं. कागद स्वतः भरा. लिहिता येत नसेल तर अशा माणसाला वाचायला सांगा ज्याच्यासमोर तुम्हाला रडायची चोरी नाही. मग ती मैत्रीण असो, भाऊ असो की फिजिओथेरपीच्या ताई.

४. दोन प्रश्नांनी सुरुवात

गेल्या दोन आठवड्यांत:

पहिला, नेहमीच्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का?

दुसरा, उदास, खचल्यासारखं किंवा आता काही खरं नाही असं वाटत राहिलं का?

बस, एवढंच. २००७ साली अमेरिकेत एमएसच्याच रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात तीव्र डिप्रेशन असलेले जवळपास सगळे रुग्ण या दोन साध्या प्रश्नांत सापडले होते. अमेरिकेतल्या न्यूरोलॉजिस्टांच्या अकादमीने २०१४ साली एमएसमधल्या मानसिक त्रासांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही दोन प्रश्नांची चाचणी आणि मानसोपचारतज्ज्ञ बेक यांची डिप्रेशनची प्रश्नावली वापरून बघता येईल असं म्हटलं आहे, पुरावा अजून भक्कम नाही हे स्पष्ट सांगून.

या प्रश्नांचं बळ कशात आहे ते बघा. दोन्हींत थकवा नाही, झोप नाही, लक्ष नाही. एमएसमुळे गोंधळ होईल अशा सगळ्या गोष्टी बाहेर ठेवल्या आहेत. म्हणून वेळ नसेल तेव्हा निदान एवढं तरी कराच. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर "हो" आलं तर पुढची पायरी. दोन्ही "नाही" आली, पण घरच्यांना तुमच्यात फरक जाणवतोय, तरीही पुढची पायरी.

५. नऊ प्रश्नांचा कागद भरणं आणि वाचणं

पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज ० ते २७ मध्ये येते. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र आणि २० किंवा जास्त तीव्र असं ढोबळपणे धरतात. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं.

आता एमएसवाल्यांची अडचण. नऊपैकी पाच प्रश्न शरीराला धरून आहेत: झोप, थकवा, भूक, लक्ष आणि हालचालींचा वेग. निरोगी मनाचा पण थकलेला एमएसचा रुग्ण यांतच सात-आठ गुण घेऊन बसतो. म्हणून बेरजेसोबत दोन गठ्ठे वेगळे मांडून बघा. माझ्याच दोन कागदांचं उदाहरण देते.

एक कागद अटॅकनंतर दोन महिन्यांनी, भर उन्हाळ्यात भरलेला. थकवा ३, झोप २, लक्ष २, हालचाल १, भूक ०. शरीराचा गठ्ठा ८. रस नसणं २, उदासी १, स्वतःला कमी लेखणं २, शेवटचा प्रश्न ०. मनाचा गठ्ठा ५. एकूण १३.

दुसरा कागद डबा माळ्यावर राहिला त्या दिवाळीनंतर पुष्कळ महिन्यांनी, मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा गेले तेव्हाचा. थकवा ३, झोप १, लक्ष १, बाकी दोन ०. शरीराचा गठ्ठा ५. रस नसणं ३, उदासी ३, स्वतःला कमी लेखणं २, शेवटचा ०. मनाचा गठ्ठा ८. एकूण पुन्हा १३.

बेरीज तीच. पहिल्या वेळी थकवा, झोप आणि अंगातली उष्णता यांच्यावर काम करून मी सावरले. दुसऱ्या वेळी डिप्रेशनचे उपचार लागले.

पण इथे एक सापळा आहे आणि त्यात हुशार माणसं जास्त अडकतात. "थकव्याचे गुण एमएसचे आहेत" म्हणून ते स्वतःच वजा करू नका. डिप्रेशननेही थकवा येतो, झोपही जाते. वजाबाकी करून सात उरले आणि "मी सौम्यात आहे" म्हणून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पूर्ण बेरीज लिहा, शेजारी दोन गठ्ठे लिहा, आणि काय कशाचं आहे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणखी दोन प्रश्नावल्यांची नावं तुमच्या कानावर पडतील. रुग्णालयातल्या चिंता आणि डिप्रेशनसाठी १९८३ साली बनवलेली 'हॅड्स' ही १४ प्रश्नांची आहे, ७ चिंतेचे आणि ७ डिप्रेशनचे. शारीरिक लक्षणं तिच्यात मुद्दाम वगळली आहेत, म्हणून एमएससाठी ती सोयीची पडते. डिप्रेशनच्या भागात ८ किंवा जास्त आले तर पुढे तपासतात. बेक यांच्या मोठ्या प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत, तिची ७ प्रश्नांची छोटी आवृत्तीही शारीरिक लक्षणं टाळते. या दोन्हींना परवाना लागतो, त्यामुळे त्या दवाखान्यातच भराल. घरच्यासाठी पीएचक्यू-९ पुरेशी.

६. नववा प्रश्न

शेवटचा प्रश्न विचारतो की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. इथे पुष्कळजण डोळे मिटून शून्य टाकतात. खरं लिहा. एमएस असलेल्यांत आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांच्या जवळपास दुप्पट आढळला आहे. त्यामुळे हा प्रश्न कागदावर उगाच आलेला नाही.

इथे १ आला तरी, बाकी बेरीज कितीही कमी असली तरी, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. विचार पक्का होत चालला असेल, काय आणि कसं हे मनात येऊ लागलं असेल, तर एकटं राहू नका. घरातल्या कोणालाही हाक मारा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. औषधांची पेटी काही दिवस दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या.

घरच्यांना सांगते: विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. "जगणं नकोसं वाटतं का गं?" असं सरळ, शांतपणे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको, मुलांची शपथ नको. जवळ बसा आणि फोन लावा. पोलिसांची भीती घालणारं कोणीतरी भेटतंच, म्हणून हेही सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं असतं आणि त्याला मदत देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

७. डिप्रेशनसारखं दिसणारं दुसरं काही नाही ना

न्यूरोकडे जाण्याआधी किंवा गेल्यावर या तपासण्यांचा विषय काढा: थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२ आणि डी. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते आणि तिने मरगळ, विसर, मुंग्या असं सगळं होतं.

औषधांची यादी इथे कामाला येते. स्टेरॉइडचं वर सांगितलं. इंटरफेरॉन बीटाच्या इंजेक्शनांसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात डिप्रेशनबद्दल सावधगिरीची सूचना असते. आधी कधी डिप्रेशन होऊन गेलं असेल तर ते सुरू करतानाच सांगा. आणि इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका, ते फार महागात पडतं.

एक वेगळाच प्रकार आहे, तो माहीत असायला हवा. आमच्या एमएसच्या गटातल्या एका काकांना भावाच्या दहाव्याला, घाटावर, सगळ्यांसमोर हसू फुटलं. थांबेना. आतून रडू येत होतं आणि चेहरा हसत होता. नातेवाइकांनी वर्षभर बोलणं टाकलं. एमएसमध्ये मेंदूतली भावना व्यक्त करण्याची यंत्रणा बिघडली तर असं होतं, मनात नसताना हसू किंवा रडू येतं, आणि ते थोड्या वेळात ओसरतं. हे डिप्रेशन नव्हे. त्याची वेगळी प्रश्नावली आहे आणि त्यावर औषधं आहेत. रडू येतं तेव्हा मनातही दुःख असतं की नुसते डोळेच वाहतात, एवढं वहीत लिहिलंत तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

८. न्यूरोलॉजिस्टच्या ओपीडीत हे मांडायचं कसं

नंबर लागेपर्यंत तीन तास आणि आत दहा मिनिटं, हे सगळीकडचंच आहे. साताऱ्याहून पुण्याला जाईपर्यंतच मी अर्धी संपलेली असायचे. त्यामुळे मी आता एका पानावर सगळं लिहून नेते आणि ते फाइलच्या अगदी वर लावते:

- पीएचक्यू-९ ची बेरीज, दोन गठ्ठे, नवव्या प्रश्नाचं उत्तर, तारीख.
- वहीतली दोन-तीन वाक्यं, जशीच्या तशी.
- चालू औषधं.
- घरात कोणाला डिप्रेशन किंवा मानसिक आजार होऊन गेला का.
- एकच स्पष्ट मागणी: "मला डिप्रेशनसाठी तपासून घ्यायचंय, मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी द्याल का?"

हे पान आत शिरल्या शिरल्या द्या. एमआरआयची चर्चा झाल्यावर उठता उठता "आणि हल्ली जरा उदास वाटतं" असं म्हटलं की उत्तर मिळतं, "फार विचार करू नका." मला ते दोनदा मिळालं. तसं मिळालंच तर शांतपणे म्हणा, "विचार करून झाला आहे, म्हणूनच कागद भरून आणलाय." सोबतच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

९. मानसोपचारतज्ज्ञांकडे

आमच्या भागात चिडून कोणाला "येरवड्याला पाठवा", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, म्हणायची पद्धत आहे. ते शब्द लहानपणापासून कानावर पडलेले, त्यामुळे पहिल्यांदा जाताना माझे पाय जड झाले होते, आणि ते एमएसने नव्हे. आत गेल्यावर समोर एक साधं टेबल होतं, पाण्याची बाटली होती आणि एक बाई माझं ऐकत होत्या. चाळीस मिनिटं.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. मुंबईत केईएम, पुण्यात ससून अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार आणि न्यूरोलॉजी दोन्ही एकाच आवारात मिळतात, ही मोठी सोय आहे. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची स्वतंत्र संस्था आहे. एमएसची माहिती असलेले डॉक्टर शोधायचे तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे विचारा. १९८५ पासून ती काम करते आणि मुंबई, पुणे इथे तिच्या शाखा आहेत. आपल्यासारखी माणसं भेटतात, हा तिथला आणखी एक फायदा.

तिथे काय होतं? डॉक्टर प्रश्न विचारतात, कागद बघतात आणि स्वतः तपासून ठरवतात. उपचार मुख्यतः दोन. एक, विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत. फोनवरून दिलेली सीबीटीही एमएसच्या रुग्णांत उपयोगी पडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, त्यामुळे खेड्यात राहणाऱ्यांनी हे जरूर विचारावं. दुसरा, औषधं. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशी नावं ऐकाल. लहान डोसने सुरू करतात. फरक जाणवायला चार ते सहा आठवडे जातात. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून गोळी सोडणारे खूप, आणि बरं वाटताच अचानक बंद करणारे त्याहून जास्त. दोन्ही करू नका.

एक जपायचं. नसांच्या वेदनेसाठी न्यूरोने दिलेली अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन ही मुळात डिप्रेशनचीच औषधं आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना ते माहीत नसेल तर त्याच प्रकारची दोन औषधं एकावर एक चढतात. फिंगोलिमोडसारखी एमएसची काही औषधं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात आणि डिप्रेशनची काही औषधंही करतात. म्हणून दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये, एकामागे एक लावा.

पैशांचं थोडक्यात. २०१७ च्याच कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. पण पुष्कळ पॉलिसींत ओपीडीचा खर्च मुळातच येत नसतो, तेव्हा पॉलिसीचा कागद आधी वाचा. एमएस हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढून घ्या.

१०. पुन्हा कधी

उपचार सुरू असतील तर चार-सहा आठवड्यांनी तोच कागद, त्याच वेळी. बेरीज निम्म्यावर आली तर औषध लागू पडतंय असं डॉक्टर धरतात. नाही आली तर डोस किंवा औषध बदलतात, त्यात तुमचा दोष नाही. उपचार नसतील तर वर्षातून दोनदा. मी न्यूरोच्या तारखेच्या आदल्या रविवारी भरते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात नुसता कागदाचा "क" लिहिते. जास्तीच्या वेळा म्हणजे प्रत्येक अटॅकनंतर महिना-दोन महिन्यांनी, एमएसचं औषध बदलल्यावर, बाळंतपणानंतर आणि नोकरी सुटली किंवा घरात मृत्यू झाला तर. जुने कागद फेकू नका. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा ओळीने लावलेले पाच आकडे जास्त सांगतात.

आणि सांभाळणाऱ्यांनीही वर्षातून एकदा तोच कागद स्वतःसाठी भरावा. माझ्या नवऱ्याने मागच्या श्रावणात भरला. माझ्यासाठी आणलेल्या प्रिंटमधली एक प्रत त्याने न बोलता उचलली आणि ओट्याशी उभं राहून खुणा केल्या. बेरीज अकरा आली. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं गेलो, या वेळी केसपेपर त्याच्या नावाने काढला.